अंगावर पिणारे बाळ आणि मोपा ते बंगळूर विमानप्रवास

वेंगुर्लेकरीण

नमस्कार. माझे बाळंतपण माहेरी, वेंगुर्ल्याला झाले आणि आता सप्टेंबरअखेरीस मला बंगळूरला परत जायचे आहे. प्रवासाच्या दिवशी मुलगी साडेतीन महिन्यांची असेल. ती केवळ अंगावर पिते. बाटली दोनदा तोंडाला लावून पाहिली, दोन्ही वेळा तिने जिभेने ढकलून दिली. यजमान गणपतीला येऊन गेले, त्यामुळे त्यांना लगेच पुन्हा रजा मिळणे शक्य नाही. वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाल्यामुळे आईलाही घर सोडता येणार नाही. म्हणजे मी आणि मुलगी, दोघीच.

चिपी विमानतळ आमच्या घरापासून जवळ असला तरी तिथून हव्या त्या दिवशी हवे ते विमान मिळेल या भरवशावर तान्ह्या बाळाचा प्रवास आखण्याचा धीर झाला नाही, म्हणून गोव्यातल्या मोपा विमानतळाहून सकाळी पावणेअकराचे तिकीट काढले आहे. विमान सव्वा तासाचे आहे. परंतु घरून सातला निघायचे, दोन तास आधी पोहोचायचे आणि उतरल्यावर देवनहळ्ळीहून शहरातल्या घरापर्यंत आणखी दीड-दोन तास, असा हिशेब केला तर मुलीला वाटेत किमान तीन वेळा पाजावे लागेल. सासूबाईंचे म्हणणे असे की, बाळाचे कान नाजूक असतात, रेल्वेने ये. मला नेमके विचारायचे आहे ते असे: विमान वर जाताना पाजावे की खाली येताना? शेजारी अनोळखी माणूस बसला असेल तर काय करावे? आणि एकटीने हे सगळे जमते का?

दोन लेकरांची आई

जमते. मी थोरल्याला पाच महिन्यांचा असताना आणि धाकटीला अवघ्या अडीच महिन्यांची असताना विमानाने नेले आहे, आणि धाकटीच्या वेळी मीही एकटीच होते. एकटीने प्रवास करताना खरी अडचण पाजण्याची नसतेच, ती सुरक्षा तपासणीची असते. बाळ पोटाशी बांधायच्या झोळीत असेल तर झोळी सोडून ती यंत्रातून पाठवावी लागते आणि बाळाला हातात घेऊन चौकटीतून जावे लागते. त्याच वेळी खांद्यावरची पिशवी, फोन, पाकीट, सगळे तबकात ठेवायचे असते. तेव्हा खांद्याला एकच पिशवी ठेवा आणि बाकी सारे सामान आत पाठवून मोकळ्या व्हा. पुढे पडद्याआडच्या तपासणीत महिला जवान असते. माझ्या अनुभवात त्या बायका फार समजुतीने वागल्या. एकीने तर माझे बाळ दोन मिनिटे धरलेसुद्धा.

पाजण्याविषयी सांगायचे तर मी विमान सुटताना पाजले होते. थोरला प्यायला आणि झोपला. उतरताना मात्र जागा होऊन फार रडला, ते का, हे मला तेव्हा कळले नाही.

आंबोलीपार

सासूबाईंच्या बाजूने एक मत नोंदवतो. रेल्वेत खालचा बर्थ मिळाला तर बाळाला आडवे करता येते, पडदा लावता येतो, आणि डब्यात चार बायका असतातच. उत्तर रेल्वेने २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला बाळाचा लहान बर्थ प्रायोगिक तत्त्वावर बसवला होता. तशी सोय आपल्या कोकण रेल्वेच्या मार्गावर असती तर मी याहूनही जोराने रेल्वेची बाजू मांडली असती. आंबोली घाट चढून बेळगावमार्गे बसने जाण्याचा सल्ला मात्र कोणीही देऊ नये. त्या वळणांवर धडधाकट माणसाच्या पोटातले बाहेर येते, तिथे मांडीवर पिऊन तृप्त झालेल्या बाळाची काय कथा.

बालवैद्य

मी दक्षिण कोकणात लहान मुलांचा दवाखाना चालवतो. कानाच्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण 'दोन लेकरांची आई' यांचा थोरला मुलगा उतरताना का रडला हे त्यातून स्पष्ट होईल.

आपल्या कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहान पोकळी असते आणि ती एका बारीक नळीने घशाच्या मागच्या भागाशी जोडलेली असते. विमान वर जाते तेव्हा आतल्या हवेचा दाब कमी होत जातो, त्यामुळे पोकळीतली हवा प्रसरण पावते आणि त्या नळीतून आपोआप बाहेर निघून जाते. यात त्रास क्वचितच होतो. विमान खाली येते तेव्हा उलट घडते. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि नळीचे घशाकडचे मऊ तोंड दाबून मिटते, म्हणून हवा आपणहून आत शिरत नाही. ते तोंड उघडते गिळताना, जांभई देताना किंवा चोखताना. मोठी माणसे गोळी चघळतात, बाळाला चोखायला आईचे दूध असते. लहान बाळांची ही नळी अरुंद आणि बरीचशी आडवी असल्याने त्यांना मोठ्यांपेक्षा त्रास अधिक होतो.

तात्पर्य असे की, विमान सुटताना बाळ शांत असेल तर पाजण्याची घाई करू नका. भूक राखून ठेवा ती उतरण्यासाठी. आणि येथे बहुतेकांची एक चूक होते: उतरणे म्हणजे चाके धावपट्टीला टेकण्याची वेळ, असे समजून ते शेवटच्या पाच मिनिटांत पाजायला घेतात. वस्तुतः विमान त्याच्या वीस-तीस मिनिटे आधीच खाली यायला लागते आणि दाब तेव्हापासून बदलत असतो. सव्वा तासाच्या प्रवासात याचा अर्थ असा की, सुटल्यावर पाऊण तासाच्या सुमारास तुम्ही तयार असायला हवे. विमानातल्या सेविकेला चढतानाच सांगून ठेवा की खाली यायला सुरुवात झाली की मला खूण करा; त्या आनंदाने सांगतात.

बाळ तेव्हा गाढ झोपले असेल तर काय, असा प्रश्न पुढे येईलच. झोपेत गिळणे कमी होते हे खरे, पण निरोगी बाळ शांत झोपले असेल तर मी आयांना मुद्दाम उठवायला सांगत नाही. नाक चोंदले असेल तर मात्र उठवून पाजावे. आणि कान दुखत असेल, वाहत असेल किंवा ताप असेल तर प्रवासाआधी दाखवून घ्यावे.

आणखी दोन गोष्टी. पहिली लसीची. राष्ट्रीय वेळापत्रकात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस असतात; तुमची मुलगी साडेतीन महिन्यांची असेल म्हणजे चौदा आठवड्यांचा डोस प्रवासाच्या अगदी तोंडावर येतो. लसीनंतर एक-दोन दिवस ताप आणि किरकिर अपेक्षित असते, तेव्हा डोस वेळेवरच घ्या, परंतु प्रवासाच्या आदल्या दिवशी येणार नाही असे पाहा. दुसरी पोटातल्या हवेची. विमानाच्या आतला दाब उंचीवर असताना साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो, आणि त्या दाबाला पोटातला वायू जवळजवळ एक तृतीयांशाने फुगू शकतो. वेफरचे बंद पाकीट विमानात टम्म फुगते ते याचमुळे. म्हणून पाजल्यावर ढेकर काढण्याचा कंटाळा करू नये. पुष्कळ वेळा जे रडणे कानाच्या नावावर जमा होते ते खरे पोटाचे असते.

अपुऱ्या दिवसांचे बाळ, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेले बाळ, किंवा काही दिवसांचे नवजात बाळ यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. उंचीवर हवेतला प्राणवायू जो कमी मिळतो तो निरोगी बाळाला जाणवत नाही, या बाळांना जाणवू शकतो.

खाडीकाठ

माझ्या एका नातेवाइकांनी सर्दीचे औषध चमचाभर देऊन बाळाला संपूर्ण प्रवासात झोपवून नेले होते. तो मार्ग कसा आहे?

बालवैद्य

तो मार्ग नको. गुंगी आणणारी सर्दीची औषधे एवढ्या लहान बाळाला झोपेसाठी देणे धोक्याचे आहे. श्वास मंदावू शकतो, आणि काही बाळे झोपण्याऐवजी उलट चेकाळतात. तसेच 'विमानात घसा कोरडा पडतो' म्हणून पाणी, ग्राइप वॉटर किंवा मधाचे बोट चाटवण्याचा सल्ला घरात कोणीतरी देईलच. विमानातली हवा कोरडी असते हे बरोबर आहे. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाखेरीज कशाचीही गरज नसते आणि मध तर वर्षाच्या आत देऊच नये. पाणी प्यावे ते आईने, आणि भरपूर प्यावे. मोपाच्या तपासणीनंतर बाटली भरून घ्या.

जुना सडा

मी बरीच वर्षे विमानतळावर प्रवाशांच्या काउंटरवर काम करून आता गावी सुपारीची बाग पाहतो. कागदपत्रांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

देशांतर्गत प्रवासात दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वेगळे आसन लागत नाही, ते आईच्या मांडीवर बसते. मात्र त्याचे नाव तिकिटावर असावेच लागते आणि त्यासाठी ठराविक शुल्क पडते. पुष्कळ लोक 'बाळाला तिकीट नाही' असे ऐकून नावच घालत नाहीत आणि काउंटरवर धावपळ करतात. वयाचा पुरावा जवळ ठेवा: जन्माचा दाखला, बाल आधार किंवा लसीकरणाचे कार्ड. दाखला ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपरिषदेकडून यायला वेळ लागतो, तेव्हा आजच चौकशी करा. फोनमधल्या छायाचित्रावर विसंबू नका, मूळ कागद सोबत ठेवा.

आसनाविषयी लोकांचा एक गैरसमज असतो. शेजारी-शेजारी दोन आया दोन बाळे घेऊन बसू इच्छितात आणि आम्ही त्यांना वेगळे केले की रागावतात. कारण साधे आहे. वर छतात प्राणवायूचे जे मुखवटे असतात ते प्रत्येक बाजूच्या रांगेत आसनांच्या संख्येपेक्षा सहसा एकच अधिक असतो, आणि तो अधिकचा मुखवटा मांडीवरच्या बाळासाठी असतो. म्हणून एका बाजूच्या तीन आसनांत एकच बाळ. संकटकाळच्या दाराजवळची रांगही बाळवाल्यांना मिळत नाही. एकटीने जाणाऱ्या बाईने खिडकीची जागा घ्यावी असे माझे मत आहे, कारण एका बाजूला भिंत मिळते आणि मार्गिकेतून जाणाऱ्या गाड्यांचा धक्का बाळाच्या पायाला किंवा डोक्याला लागत नाही.

मोपाहून पंख्यांचे लहान विमान मिळाले तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्यात प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि जिना अरुंद असतो, त्यामुळे मागची जागा सोयीची. शिवाय पंखे पुढच्या बाजूला असल्याने आवाजही मागे कमी येतो. वरचे सामानाचे कप्पे लहान असतात. बाळाचे कपडे बदलायला स्वच्छतागृहात फळी असेलच असे धरून चालू नये, विमानात चढण्याच्या आधीच लंगोट बदलावा.

पट्ट्याचे सांगायचे राहिले. सेविका तुम्हाला बाळासाठी वेगळा लहान पट्टा देईल. तो तुमच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या कमरेभोवती लावायचा असतो. तुमच्याच पट्ट्यात बाळालाही गुंडाळून घेऊ नका. झटका बसला तर तुमचे सगळे वजन त्याच्या अंगावर येते. पट्टा लावलेला असतानाही पाजता येते, त्याला कोणी हरकत घेत नाही. पोटाची झोळी मात्र सुटताना आणि उतरताना सोडायला सांगतात.

जाता जाता कोकणवासीयांसाठी एक. बंगळूरला नेण्यासाठी आई पिशवीत काय काय भरेल हे मी सांगायला नको; परंतु सुके खोबरे भरू देऊ नका. ते स्वतःहून तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडते आणि विमानात चालत नाही. काउंटरवर पिशवी उघडून वाट्या बाहेर काढताना मी कितीतरी माणसांची तोंडे पडलेली पाहिली आहेत.

वेंगुर्लेकरीण

डॉक्टर आणि 'जुना सडा', आपले मनापासून आभार. चौदा आठवड्यांचा डोस नेमका प्रवासाच्या आदल्या दिवशीच येत होता. आता आरोग्य केंद्रातल्या ताईंशी बोलून, चौदा आठवडे पुरे होत असल्याची खात्री करून, तो त्याच्या आधीच्या लसीकरणाच्या दिवशी ठरवला आणि प्रवास चार दिवस पुढे ढकलला. तिकीट बदलायचे शुल्क पडले, ते सासूबाईंना सांगितलेले नाही.

दूध काढून बरोबर न्यावे का, हेही विचारते. बाटली घेत नाही, पण वाटी-चमच्याने कदाचित घेईल.

बालवैद्य

आई सोबत असताना काढलेले दूध ही केवळ आडवेळेची सोय समजा. ताजे काढलेले दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते, आणि आपल्याकडे सप्टेंबरच्या उन्हात गाडीत २५ अंश कुठले? बर्फाच्या पुड्या घातलेल्या थंड पिशवीत ते २४ तासांपर्यंत राहते. बाळाने तोंड लावून उरलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे, नाही तर टाकून द्यावे. बाळासाठीचे दूध सुरक्षा तपासणीत नेऊ देतात. आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या १०० मिलिलीटरच्या मर्यादेतूनही ते प्रवासाला पुरेल एवढ्या प्रमाणात वगळलेले आहे. क्ष-किरण यंत्रातून गेल्याने दुधाला काही होत नाही. बॅटरीवर चालणारा दूध काढायचा पंप असेल तर तो हातातल्या पिशवीतच ठेवावा.

मस्कतवासी

आमच्यासारख्या चिपळूण-खेडकडच्या आखाती बायकांसाठी ही गोष्ट नेहमीची आहे. बाळाला पहिल्या दिवसापासून स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि परदेशी जायचे तर त्याची तयारी बाळंतपणाआधीच मनात धरावी लागते. छायाचित्रात बाळाचे डोळे उघडे हवेत आणि धरणाऱ्याचा हात दिसायला नको, हे करताना आमच्या घरात एक अख्खी दुपार गेली होती. पांढरी चादर अंथरून बाळाला त्यावर झोपवायचे आणि वरून छायाचित्र घ्यायचे, हा उपाय शेवटी फळला. लांबच्या मोठ्या विमानांत पुढच्या भिंतीला लावायचा पाळणा मिळतो, त्याला वजनाची मर्यादा असते आणि तो आधी मागून ठेवावा लागतो. मोपा-बंगळूरच्या प्रवासात त्याचा विचार करू नका.

पाजण्याबाबत माझी तक्रार विमानाविषयी कधीच नव्हती, विमानतळाविषयी आहे. एका मोठ्या विमानतळावर, नाव लिहीत नाही, बाळाला पाजण्याच्या खोलीला कुलूप होते. किल्ली कोणाकडे आहे हे शोधायला अर्धा तास गेला आणि दार उघडले तेव्हा आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या. मी बाहेर येऊन दाराजवळच्या बाकावर सर्वांसमोर बसले आणि पाजले.

खाडीकाठ

विषय निघालाच आहे तर शंका विचारतो, राग नसावा. आई म्हणून हक्क मान्यच आहे. परंतु विमानात अगदी खांद्याला खांदा लागून बसलेल्या पुरुष प्रवाशालाही संकोच वाटू शकतो. अशा वेळी आधीच घरी पाजून घेणे किंवा स्वच्छतागृहात जाऊन पाजणे अधिक योग्य नाही का?

गुहागरची आजी

आपण स्वच्छतागृहात बसून जेवाल का, एवढेच विचारते.

आणि 'आधीच पाजून घ्या' हे सांगायला सोपे आहे. डॉक्टरांनी वर एवढे समजावून सांगितले की उतरताना चोखणे हेच कानाचे औषध आहे, मग घरी पाजून त्याचा उपयोग काय? शेजारच्या पुरुषाला संकोच वाटत असेल तर त्याच्या बाजूला दुसरी खिडकी आहे, खालचे ढग पाहावेत. आमच्या काळी दाभोळच्या तरीत, एसटीत, जत्रेत, सगळीकडे बायकांनी पदराखाली मुले पाजली. कोणी वळून पाहत नव्हते. हल्ली पदर गेला आणि लाज तेवढी उरली.

खाडीकाठ

आजी, आपला मुद्दा पटला. स्वच्छतागृहाचे शब्द मागे घेतो. त्यानंतर थोडे वाचन केले, ते येथे नोंदवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्यासाठी खोल्या आणि पाळणाघरे असावीत या केंद्राच्या सूचनांची अंमलबजावणी राज्यांनी करावी असे सांगितले आहे, आणि चारचौघांत पाजण्याला कलंक मानला जाऊ नये असेही नमूद केले आहे. अर्थात 'मस्कतवासी' यांनी पाहिलेल्या कुलपाची किल्ली न्यायालयाकडे नाही.

दोन लेकरांची आई

व्यवहाराचे सांगते. साडीची सवय असेल तर तिच्यासारखे सोयीचे दुसरे काही नाही. नसेल तर पुढून उघडणारा सैल कुर्ता आणि मोठी सुती ओढणी. ओढणी बाळाच्या तोंडावरून घ्यायचीच असे नाही, पुष्कळ बाळांना ती सहन होत नाही आणि ती पाय झाडून फेकून देतात; त्याने उलट अधिक लक्ष वेधले जाते. घरी आरशासमोर बसून चार दिवस सराव करा. खिडकीकडे किंचित तिरके बसले की शेजाऱ्याला तुमची पाठच दिसते. शेजारी कोण आहे ते पाहून आधीच एक वाक्य बोलून टाकावे, की बाळ लहान आहे, थोडा त्रास होईल, सांभाळून घ्या. त्यानंतर माणूस बहुधा मदतीलाच येतो.

आंबोलीपार

माझे रेल्वेप्रेम बाजूला ठेवून एक व्यावहारिक प्रश्न: पावसात विमान उशिरा सुटले तर हा पाजण्याचा सगळा हिशेब कोलमडतो. त्याचे काय?

जुना सडा

रास्त प्रश्न आहे. मोपा पेडण्याच्या पठारावर आहे. पावसाळ्यात तिथे ढग खाली उतरले की विमाने थांबतात किंवा दुसरीकडे वळवली जातात. म्हणून घड्याळाला बांधून पाजू नये. विमानतळावर बाळाने मागितले की पाजावे, पोटभर पाजावे. फक्त दार बंद होऊन विमान धावपट्टीकडे निघाले की तिथून पुढे थोडे ओढून धरावे. लंगोट आणि कपडे मोजून जेवढे लागतील त्याच्या दुप्पट घ्यावेत. आईनेही एक जोड सदरा पिशवीत ठेवावा, ही गोष्ट सगळ्या विसरतात.

बालवैद्य

एक वाक्य रस्त्याविषयी, कारण त्याची काळजी कोणी करत नाही. सर्वजण विमानाला भितात. वस्तुतः या प्रवासातला अधिक धोक्याचा भाग वेंगुर्ला ते मोपा आणि देवनहळ्ळी ते घर हा आहे. शक्य असल्यास बाळासाठी मागे तोंड करून बसवायचे आसन गाडीत लावावे. पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन कधीही बसू नये आणि धावत्या गाडीत पाजू नये. गाडी बाजूला थांबवावी.

वेंगुर्लेकरीण

बंगळूरला पोहोचून तीन दिवस झाले. सगळ्यांनी विचारले होते म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी पाऊस होता. बांद्याच्या अलीकडे गाडी थांबवून एकदा पाजले, त्यामुळे विमानतळावर पोहोचलो तेव्हा ती झोपलेली होती आणि तपासणीत जागी झाली. झोळी सोडताना माझी जी तारांबळ उडाली ती पाहून मागच्या एका काकूंनी न विचारताच माझे तबक पुढे ढकलत नेले. विमान पन्नास मिनिटे उशिरा सुटले. त्या वेळात मी दारासमोरच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तिला पुन्हा पाजले आणि एका क्षणी लक्षात आले की कोण पाहत आहे हे पाहायचे मी विसरले आहे.

जागा खिडकीची होती. शेजारी साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. ठरवलेले वाक्य बोलले, तर ते म्हणाले, "अगो, माका दोन नाती आसत," आणि वर्तमानपत्र उघडून बसले. सावंतवाडीचे निघाले. विमान सुटताना मुलगी टकामका बघत होती, मी पाजले नाही. अर्ध्या तासाने ती मागू लागली तेव्हा मात्र माझा कस लागला. अजून खाली यायला सुरुवात झाली नव्हती आणि ओरडणाऱ्या बाळाला दहा मिनिटे भुकेले ठेवणे हे डॉक्टरांनी लिहिताना जितके सोपे वाटले तितके सोपे नाही. शेवटी मी थोडे पाजले, मध्येच काढून ढेकर काढला, आणि सेविकेने खूण केल्यावर दुसऱ्या बाजूला घेतले. ती चाके टेकेपर्यंत पीत राहिली. कान दुखल्याचे काही चिन्ह दिसले नाही. रडली ती उतरल्यावर, सामानाच्या पट्ट्याजवळ, आणि तेही लंगोट ओला झाला म्हणून. माझा जादा सदरा कामाला आला. ढेकरासोबत जे यायचे ते आलेच.

सासूबाई दाराशी मीठमोहऱ्या घेऊन उभ्या होत्या. दृष्ट काढून झाल्यावर त्यांनी सर्वांत आधी मुलीच्या कानामागे हात लावून पाहिला.

आणि 'जुना सडा' यांना सांगायलाच हवे: मी आईला चार वेळा बजावले होते. काउंटरवर सामानात खोबरे आहे का, असे विचारल्यावर मी ठामपणे नाही म्हटले, तरी मनात पाल चुकचुकली म्हणून पिशवी उघडून पाहिली. आळिवाच्या लाडवांच्या डब्याखाली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या सात वाट्या निघाल्या. त्या गाडीच्या चालकाकडे परत पाठवल्या. आईने फोनवर विचारले, खोबरे चांगले निघाले का, तर मी हो म्हणाले आहे. चालक दादा अजून घरी पोहोचवायला गेलेले दिसत नाहीत.